वाटेतल्या तासांचे पैसे

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तंत्रज्ञांची आणि सल्लागारांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी मात्र पाच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आली. ग्राहकाच्या जागेवर जाण्या-येण्यात जो वेळ जातो, त्याचे पैसे कोणी, किती आणि कशाच्या आधारे द्यायचे, हा तो प्रश्न. त्यामुळे हा अंक त्यालाच दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी भोसरीत राहतो आणि सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांच्या दुरुस्तीची व पीएलसीची (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक-संगणकाची) कामे घेतो. माझा दर तासाला ८०० रुपये आहे. रांजणगावच्या एका कारखान्यातून ब्रेकडाउनचा, म्हणजे यंत्र बंद पडल्याचा, फोन आला की हत्यारांची पिशवी आणि लॅपटॉप घेऊन मी दुचाकीवरून सुमारे ५० किलोमीटर जातो. जाण्या-येण्यात चार तास मोडतात. काम कधी दोन तासांचे निघते, तर कधी अर्ध्याच तासाचे. बिल मात्र यंत्रापाशी घालवलेल्या वेळेचेच होते. प्रवासाचे बोललो तर “पेट्रोलचे दोनशे घ्या” असे उत्तर मिळते. माझे मागणे चुकीचे आहे का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : मागणे चुकीचे नाही, पण आपण ते उशिरा आणि अर्धवट मांडत आहात. आधी आपलाच हिशोब कागदावर घेऊ. काम दोन तासांचे असेल तर १,६०० रुपये मिळतात. शंभर किलोमीटरच्या फेरीला पेट्रोलचे साधारण २३० रुपये गेले की १,३७० उरतात आणि त्यासाठी आपले सहा तास खर्ची पडलेले असतात, म्हणजे तासाला सुमारे २२८ रुपये. सैल झालेली सेन्सरची वायर घट्ट केली, अलार्म घालवला आणि यंत्र चालू करून दिले, अशा अर्ध्या तासाच्या कामाचे ४०० रुपये होतात. पेट्रोल वजा जाता १७० उरतात आणि ते साडेचार तासांवर पसरले की तासाला ३८ रुपये पडतात. ज्या कारागिराने दोष चटकन ओळखला त्याला सर्वांत कमी मोबदला मिळावा, ही गोष्ट मला मनापासून अन्यायाची वाटते. ती बोलून दाखवण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

आता “पेट्रोलचे दोनशे” या वाक्यातला घोळ पाहा. प्रवासखर्च आणि प्रवासवेळ या दोन वेगळ्या बाबी आहेत. पेट्रोल, टोल, वाहनाची झीज, टायर आणि विमा हा खर्च झाला. जे चार तास आपण दुसऱ्या कोणाला विकू शकला नाहीत, तो वेळ झाला. ग्राहक पहिल्या बाबीचे थोडेसे पैसे देतो आणि दुसरीही मिटली असे गृहीत धरतो. आपणही तसेच धरत आलात, म्हणून ही रीत पडली.

यावर ग्राहकाचा ठरलेला प्रतिवाद असतो : “मीही रोज घरून कारखान्यात येतो, मला त्याचे कोण पैसे देते?” तो अगदीच पोकळ नाही. पगारदार माणसाचे कामाचे ठिकाण ठरलेले असते, ते पाहूनच तो नोकरी आणि घर निवडतो, आणि रोजच्या ये-जा करण्याच्या बदल्यात त्याला महिन्याची शाश्वती असते. आपल्याला ठिकाण निवडता येत नाही आणि शाश्वतीही नाही. तरीही या प्रतिवादातला रास्त भाग मान्य करावा. भोसरीहून मोशीला किंवा पिंपरीला जाण्याचे वेगळे पैसे मागू नयेत. आपल्या घरापासून साधारण १५ किलोमीटरचे वर्तुळ ‘घरचे’ समजावे आणि त्याच्या पलीकडेच आकारणी सुरू करावी. ज्याला हे वर्तुळ दाखवता येते, त्याच्या बाकीच्या मागणीवर ग्राहक विश्वास ठेवतो.

आकारणीच्या रीती अनेक आहेत. काही जण प्रवासाचा तास अर्ध्या दराने लावतात. वाटेत कौशल्य वापरले जात नाही, पण वेळ तर अडकतोच, हा त्यामागचा विचार. हा कायदा नव्हे, व्यवसायात रुळलेला तोडगा आहे. काही जण ‘मॅन-डे’ म्हणजे पूर्ण दिवसाचा दर घेतात. प्रकल्प उभारणीच्या आणि चार-चार दिवसांच्या कामांना तोच योग्य. काही जण प्रवास गुपचूप तासाच्या दरात मिसळतात. ही शेवटची रीत मला मान्य नाही, कारण तिच्यात जवळचा ग्राहक लांबच्या ग्राहकाचा प्रवास भरतो आणि जवळचे काम आपल्या हातून जाते.

आपल्या ब्रेकडाउनच्या कामाला मी अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेला व्हिजिट चार्ज, म्हणजे प्रत्येक फेरीची एक ठरलेली रक्कम, सुचवीन. तासांवर प्रवास मोजला की चाकणच्या चौकात आपण खरोखर किती वेळ अडकलात यावर वाद होतो आणि ग्राहकाला आपल्या घड्याळावर विश्वास ठेवावा लागतो. ठरलेल्या रकमेत असा वाद उरत नाही. वाहतूक कोंडीची जोखीम आपली, आणि लवकर पोचलात तर फायदाही आपला. रांजणगावसाठी चार तास गुणिले अर्धा दर असे १,६०० आणि वाहनखर्चाचे ३००, मिळून १,९०० रुपये होतात. हा आकडा जड वाटला तर पहिला अर्धा तास काम त्यातच धरून द्या. किरकोळ दोषासाठी बोलावणाऱ्या ग्राहकाला ते पटते. दोन तासांच्या कामाचे मग १,९०० अधिक दीड तासाचे १,२०० असे ३,१०० रुपये होतील. बंद पडलेले यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहिले तर एका पाळीच्या उत्पादनाचे काय होते, हे कारखान्याच्या व्यवस्थापकाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आता उशिराबद्दल. प्रवासाचा विषय पहिल्यांदा बिलात निघाला की तो ग्राहकाला फसवणुकीसारखा वाटतो. जुन्या ग्राहकांना पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून नवे दर लागू होतील, असे लेखी कळवा. रांजणगावच्या टप्प्यासाठी कोटेशनमध्ये एवढे वाक्य पुरे : “भोसरीपासून ४० किलोमीटरपलीकडील प्रत्येक फेरीस १,९०० रुपये आकारले जातील, यात प्रवासवेळ, वाहनखर्च व कामाचा पहिला अर्धा तास समाविष्ट आहे, त्यापुढे तासाला ८०० रुपये.” फोनवर काम आले तर निघण्यापूर्वी हेच वाक्य व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि “या” असे उत्तर येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा लागतो, हे खरे. पण त्या आधारावर कामाचे पैसे मागणे जितके सोपे आहे, तितके प्रवासाचे नाही. आधी झालेले लेखी बोलणेच तिथे उपयोगी पडते.

प्रश्न : मी गेज आणि दाबमापकांचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करून देते. पुण्याहून चाकणच्या एका कारखान्यात ठरल्याप्रमाणे सकाळी ९ वाजता पोचले. गेटपासला मंजुरी नव्हती, मग सुरक्षा प्रशिक्षणाची चित्रफीत पाहावी लागली, नंतर पेटीतल्या प्रत्येक उपकरणाची नोंद झाली. आत जायला ११.२० झाले. तिथे उत्पादन चालू होते म्हणून दीड वाजेपर्यंत उपकरणे हाती आली नाहीत. मी बिलात थांबण्याचे तीन तास लावले. अडीच महिन्यांनी पैसे आले तेव्हा खरेदी विभागाने ती ओळ कापलेली होती.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपले पत्र वाचताना मला एका कारखान्याच्या गेटजवळचा सिमेंटचा बाक आठवला. पॅनेलच्या कामासाठी गेलो असता त्या बाकावर मी सलग चार तास बसलो होतो. सुरक्षारक्षकाने दोनदा पाणी दिले, पण ज्यांनी बोलावले होते ते बैठकीत होते. संध्याकाळी काम संपवून निघालो तेव्हा सर्व्हिस रिपोर्टवर (ग्राहकाची सही घ्यायच्या कामाच्या नोंदपत्रावर) मी फक्त काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहिली. सकाळच्या चार तासांचा कोणताही पुरावा मी माझ्या हाताने ठेवला नाही, आणि त्याचे पैसेही मिळाले नाहीत.

थांबण्याच्या वेळेची बाजू प्रवासाच्या वेळेपेक्षा बळकट आहे. रस्ता कोणाच्याच ताब्यात नसतो, पण गेट ग्राहकाच्या ताब्यात असते. म्हणून पहिला अर्धा तास सोडून पुढच्या थांबण्याला पूर्ण दर लावावा, अर्धा नव्हे. मात्र सुरक्षा प्रशिक्षण प्रत्येक कारखान्यात असते, हे आपल्याला आधीच माहीत आहे. पहिल्या भेटीत तो वेळ व्हिजिट चार्जमध्ये धरून ठेवणे अधिक रास्त. आपण तीन तास लावलेत, ते जवळपास योग्यच आहेत.

पुरावा तिथल्या तिथे तयार होतो. गेटपासवर आत सोडल्याची वेळ असते, पण पोचल्याची नसते, म्हणून पोचताच “गेटवर आले आहे, ९.०५” असा संदेश बोलावणाऱ्या व्यक्तीला पाठवा. सर्व्हिस रिपोर्टवर चार रकाने छापून घ्या : गेटवर पोचल्याची वेळ, आत प्रवेश, काम सुरू, काम समाप्त. त्यावर ज्या अभियंत्याची सही होते, त्याने कंपनीच्या वतीने वेळ मान्य केलेली असते. पर्चेस ऑर्डर (ग्राहकाचा कामाचा लेखी आदेश) काढतानाच थांबण्याचा दर त्यात घालून घेतला तर खरेदी विभागाला ती ओळ कापायला आधार राहत नाही.

कापलेल्या रकमेबद्दल आणि अडीच महिन्यांबद्दल. आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, आधार व पॅन एवढेच लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. सेवेबद्दल आक्षेप असेल तर तो १५ दिवसांत लेखी घ्यावा लागतो, नाहीतर सेवा स्वीकारली असे मानले जाते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम ग्राहक कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. हा मुद्दा लेखा विभागाला चांगला समजतो. तेव्हा पत्र खरेदी विभागाला लिहा, पण त्याची प्रत लेखा विभागालाही पाठवा.

प्रश्न : माझी शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. पुण्याहून येणारे एक प्रोग्रामर मला प्रवासाचा पूर्ण दिवस लावतात. त्याच फेरीत ते गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातही गेले आणि तिथेही त्यांनी पूर्ण प्रवास लावला, हे मला नंतर कळले. येताना रेल्वेत लॅपटॉपवर तिसऱ्याच कोणाचे काम करत होतो, असे ते स्वतःच सांगत होते. हे मी का भरावे?
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : पूर्ण भरू नये. एक तास एकदाच विकता येतो, हे तत्त्व ग्राहकाइतकेच कंत्राटदारालाही बांधून ठेवते. दोन कारखान्यांसाठी एक फेरी झाली तर पुणे ते कोल्हापूर हे २३० किलोमीटर दोघांत वाटले गेले पाहिजेत, एकतर निम्मे-निम्मे किंवा प्रत्येकाकडे झालेल्या कामाच्या तासांच्या प्रमाणात. रेल्वेत बसून तिसऱ्या ग्राहकाचे जितके तास काम झाले, ते आपल्या प्रवासवेळेतून वजा व्हायला हवेत. स्वतः गाडी चालवत आले असते तर हे शक्यच नव्हते. म्हणून वाहन चालवण्याचा तास आणि आसनावर बसून केलेल्या प्रवासाचा तास यांचा दर वेगळा असणे योग्य आहे.

तरी एक विनंती आहे. हे त्यांना एकदा समोर बसवून शांतपणे सांगा. पुष्कळ जण अप्रामाणिक नसतात; प्रत्येक ग्राहकाला तेच छापील कोटेशन पाठवण्याची त्यांना सवय झालेली असते. यापुढे पर्चेस ऑर्डरमध्ये “त्याच फेरीत अन्य ग्राहकाकडे भेट झाल्यास प्रवासखर्च व प्रवासवेळ विभागून आकारली जाईल” ही अट घाला. त्याहून चांगला उपाय आपल्याच हातात आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या तीन-चार कारखानदारांनी मिळून महिन्यातले दोन दिवस ठरवून घेतले तर प्रोग्रामरना सलग काम मिळते आणि आपला प्रवासाचा बोजा तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. तातडीच्या फेरीचा खर्च मात्र ज्याने बोलावले त्याने एकट्याने उचलावा.

प्रश्न : मी नाशिकला लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. कंपनी म्हणते की मी ‘कंत्राटदार’ आहे. रोज सकाळी मोबाइलवर सहा-सात इमारतींची यादी येते, शर्ट आणि ओळखपत्र कंपनीचे, दुसऱ्या कंपनीचे काम करायला मनाई, आणि पैसे प्रत्येक कॉलचे. अंबडहून पंचवटी, तिथून सातपूर, पुन्हा नाशिकरोड अशी धावपळ होते. वाटेतल्या वेळेचे काहीच मिळत नाही. मीही व्हिजिट चार्ज मागावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला प्रश्न वरच्या तिन्ही प्रश्नांहून वेगळा आहे आणि तो मला अधिक काळजीचा वाटतो. भोसरीचे वाचक दर ठरवू शकतात, कामाला नाही म्हणू शकतात, दहा ग्राहक सांभाळू शकतात. आपल्याला यातले काहीही करता येत नाही. काम कोणते, कुठे आणि कोणत्या क्रमाने करायचे हे कंपनी ठरवते. अशा वेळी कागदावर ‘कंत्राटदार’ लिहिले म्हणून माणूस कंत्राटदार होत नाही. नगावर पैसे घेणारे शिंपी दुकानाचे कर्मचारी ठरू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली हैदराबादच्या एका शिलाई दुकानाच्या प्रकरणात सांगितले आहे. कामाच्या पद्धतीवर आणि दर्जावर मालकाचे नियंत्रण होते का, यंत्रे आणि जागा कोणाची होती, हे तिथे पाहिले गेले. कॉलवर पैसे मिळतात एवढ्यावरून आपली बाजू पडत नाही.

आपण कर्मचारी ठरलात तर पहिल्या इमारतीपासून शेवटच्या इमारतीपर्यंतची धावपळ हा कामाचाच वेळ आहे, कारण त्या वेळात आपण कंपनीच्या सांगण्यावरून फिरत असता. घरून पहिल्या ठिकाणी जाण्याबद्दल जगात मतभेद आहेत. स्पेनमध्ये सुरक्षा यंत्रणा बसवणाऱ्या एका कंपनीने २०११ मध्ये प्रादेशिक कार्यालये बंद केली आणि तंत्रज्ञ घरूनच थेट ग्राहकाकडे जाऊ लागले. ज्यांना ठरलेले कामाचे ठिकाणच नाही, त्यांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचा वेळ आहे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी दिला. त्याचे पैसे किती द्यायचे हे मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले. हा निर्णय आपल्याकडे लागू नाही, पण त्यातला विचार वाटाघाटीत मांडण्यासारखा आहे.

पैशांहूनही मोठी गोष्ट अपघाताची आहे. आपल्या राज्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये कामावर जाताना रस्त्यावरच्या अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असे म्हटले, की वेळ, ठिकाण आणि परिस्थिती पाहता नोकरीशी संबंध दिसत असेल तर कामावर जाता-येतानाचा अपघातही तेव्हा (२०२५ पर्यंत) लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ खाली येतो. हे संरक्षण कर्मचाऱ्याला आहे. स्वतंत्र कंत्राटदाराला वाटेत काही झाले तर त्याच्यामागे फक्त त्याने स्वतः काढलेला अपघात विमा असतो. म्हणून व्हिजिट चार्ज मागण्याआधी आपले नाते नेमके काय आहे, याची तपासणी नाशिकच्या कामगार उपआयुक्तांच्या कार्यालयात किंवा एखाद्या कामगार संघटनेच्या वकिलाकडून करून घ्या. तोवर सकाळच्या यादीचे स्क्रीनशॉट तारखेनिशी जपून ठेवा आणि अपघात विमा आजच काढा.

प्रश्न : प्रवासखर्च बिलात वेगळा दाखवला तर त्यावर जीएसटी आणि टीडीएस (ग्राहक बिलातून आधीच कापून भरतो तो प्राप्तिकर) लागत नाही, असे मित्र म्हणतो. ते खरे आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जीएसटीबाबत नाही. आपली नोंदणी असेल (सेवांसाठी ही मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे), तर सेवा देण्यासाठी झालेला आनुषंगिक खर्च सेवेच्या मूल्यातच धरला जातो, आणि सेवेवर १८ टक्के लागत असतील तर त्या ओळीवरही तेवढेच लागतात. टीडीएसबाबत प्राप्तिकर विभागाच्या १९९५ च्या परिपत्रकाची भूमिका अशी, की बिलातून असा खर्च वजा करून टीडीएस काढता येणार नाही. कापलेला टीडीएस विवरणपत्रात आपल्या नावावर जमा दिसतो, त्यामुळे तो बुडत नाही, फक्त पैसा काही महिने अडकतो. वाळूजहून नागपूरजवळच्या बुटीबोरीला जाण्यासारखा मोठा प्रवास असेल तर बिलात ओळ वाढवण्यापेक्षा तिकीट आणि राहण्याची खोली ग्राहकालाच त्याच्या नावाने काढू द्यावी. मग आपल्या बिलात प्रवासवेळेचीच ओळ राहते, आणि वाटाघाटही त्या एकाच ओळीवर करता येते.